अर्ज माझ्या हातचा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आमचं सेमाडोह तुमच्यापैकी अनेकांनी येताजाता पाहिलं असेल. परतवाड्याहून धारणीकडे निघालं, की मेळघाटातल्या वळणावळणांनी पोटात कालवाकालव होते आणि मग गाडी चहासाठी जिथे थांबते, ते हे गाव. बाजूने सिपना वाहते, भोवती सागाचं जंगल आहे. बाहेरची माणसं इथे वाघ बघायला येतात. मी आज वाघाबद्दल बोलणार नाही. मी बोलणार आहे फुटबॉलबद्दल आणि हरणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाबद्दल. मेळघाटातल्या माणसाने फुटबॉलवर बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण आमच्या कोरकू पोरांना एक मोकळी जागा आणि एक गोल वस्तू मिळाली, की ती बाकी काही मागत नाहीत. क्रिकेटला बॅट लागते, स्टम्प लागतात. फुटबॉलला पाय लागतात आणि डोंगर चढून-उतरून आमच्या पोरांचे पाय तयारच असतात.

२०२५ च्या नोव्हेंबरची १८ तारीख. रात्रीची थंडी पडलेली. चहाच्या टपरीमागे मोबाइलची रेंज जरा बरी येते, म्हणून आठ-दहा पोरं शेकोटीभोवती एका मोबाइलला चिकटून बसली होती आणि त्यांच्यात मी म्हातारा होऊ घातलेला एक. ढाक्यात भारत आणि बांगलादेश यांचा सामना चालला होता. अकराव्या मिनिटाला बांगलादेशाने गोल केला. उरलेला सगळा वेळ आपला संघ तो एक गोल फेडायला धावत राहिला आणि ०-१ ने हरला. बांगलादेशाकडून आपण हरलो ते २००३ नंतर पहिल्यांदाच. आशिया चषकाची वाट तर महिनाभर आधी, १४ ऑक्टोबरला गोव्यात सिंगापूरकडून १-२ ने हरलो तेव्हाच बंद झाली होती. ढाक्यात उरली होती ती फक्त अब्रू. तीही गेली.

मोबाइल बंद झाला आणि एक पोरगा तडकून म्हणाला, "चाचा, ह्या कोचले हाकलला पाहिजे आता. याले काही येतच नाही."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी काही बोललो नाही. दुसऱ्याने विचारलं, "चाचा, तुम्ही काहून बोलत नाही?"

मी का बोललो नाही, ते सांगण्यासाठीच आज मी तुमच्यासमोर आहे. पण आधी तो प्रशिक्षक कोण, ते पाहू.

त्याचं नाव खालिद जमील. जन्म कुवेतचा, पण फुटबॉलपटू म्हणून नाव झालं ते मुंबईत, महिंद्र युनायटेडसारख्या संघांकडून खेळताना. दुखापतींनी खेळ लवकर सुटला आणि २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो मुंबई एफसी या संघाचा प्रशिक्षक झाला. श्रीमंत संघ नव्हे तो. दरवर्षी खालच्या विभागात घसरण्यापासून वाचायचं, एवढीच त्याची लढाई. जमीलने सात वर्षं ती लढवली. २०१६ मध्ये संघाने त्याला निरोप दिला.

पुढची गोष्ट ऐका. मुंबईने निरोप दिलेला हा माणूस मिझोरामला गेला. तिथल्या ऐझॉल एफसी नावाच्या संघाची आदल्याच हंगामात खालच्या विभागात घसरण झाली होती. गोव्याच्या काही क्लबांनी स्पर्धेतून अंग काढून घेतलं, म्हणून त्याला वरच्या विभागात परत जागा मिळाली होती. म्हणजे उधारीवर मिळालेली खुर्ची. त्या संघाने २०१७ च्या एप्रिलमध्ये आधी आपल्या मैदानावर मोहन बागानला १-० ने हरवलं आणि ३० एप्रिलला शिलाँगमध्ये शेवटचा सामना १-१ असा बरोबरीत सोडवून आय-लीगचं अजिंक्यपद घेतलं. ईशान्य भारतातला संघ देशाचा विजेता होण्याची ती पहिलीच वेळ. आणि त्याच हंगामात मुंबई एफसी दहा संघांत दहावा आला.

तेव्हा वर्तमानपत्रांतून जमीलची वाहवा झाली. त्यानंतर काय झालं? ईस्ट बंगालमध्ये एक वर्ष, मग तिथून निरोप. पुढे नॉर्थ-ईस्ट युनायटेडचा संघ हंगामाच्या मध्यावर त्याच्या हाती आला आणि त्याने तो २०२१ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत नेला. इंडियन सुपर लीगमध्ये भारतीय प्रशिक्षकाने असं करण्याची ती पहिली वेळ. पुन्हा वाहवा. पुढच्याच हंगामात तोच संघ अकरांत दहावा. पुन्हा निरोप. मग जमशेदपूर. पुन्हा उपांत्य फेरी, पुन्हा वर्षाचा उत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून गौरव.

आता मला सांगा, श्रोतेहो, २०१७ मध्ये ज्याला सगळं येत होतं, त्याला २०२२ मध्ये काहीच येईनासं झालं होतं का? आणि २०२५ मध्ये ते परत आलं? माणूस तोच होता. त्याची वहीही बहुधा तीच असेल. वहीचं मी उगाच म्हणत नाही, त्याकडे पुढे येतो.

१ ऑगस्ट २०२५ रोजी जमील भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला. गोव्याच्या सावियो मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी या पदावर पूर्णवेळ भारतीय माणूस आला. महिन्याभरात मध्य आशियातल्या एका स्पर्धेत त्याने ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१ ने हरवलं, तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत ओमानला पेनल्टीवर नमवलं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला पालखीत बसवायचं तेवढं बाकी होतं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या टपरीमागे त्याला हाकलायचा ठराव झाला. मध्ये गेले किती दिवस? मोजून एकाहत्तर.

या एकाहत्तर दिवसांत तो चुकला नाही, असं मी म्हणणार नाही. गोव्यातल्या सामन्यात छांगतेच्या सुरेख गोलाने आपण पुढे होतो. मध्यंतराच्या अगदी तोंडावर सिंगापूरने बरोबरी केली आणि नंतर आघाडी घेतली. पुढे असताना सामना हातचा जाणं, ही प्रशिक्षकाने उत्तर द्यावं अशीच गोष्ट आहे. पण त्याच्या हाती काय आलं होतं तेही बघा. गटात चार संघ, प्रत्येकाचे सहा सामने, आणि पहिला येईल त्यालाच तिकीट. त्या सहांपैकी दोन सामने जमील येण्यापूर्वीच होऊन गेले होते. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी, जूनमध्ये हाँगकाँगला ०-१ अशी हार. दोन सामन्यांत एक गुण. बरं, खेळाडू कसे? त्या वर्षी देशातली मोठी लीग नेहमीच्या वेळी सुरूच झाली नाही. करार संपत आला होता, नवा ठरत नव्हता. काही क्लबांनी कामकाज थांबवलं, काहींनी खेळाडूंचे पगार अडवले. ज्यांनी शनिवार-रविवारी सामने खेळून पाय घडवायचे, ते घरी बसून बातम्या वाचत होते. आणि गोल करणारा कुठे आहे? जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय खेळाला रामराम केलेल्या सुनील छेत्रीला चाळिशीत परत बोलवावं लागलं होतं. दीडशे कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशाला चाळिशीतल्या माणसाची मनधरणी करावी लागते, हे दुखणं काही एकाहत्तर दिवसांचं नाही.

पण हे सगळं कोण बघतो? लीग दिसत नाही, करार दिसत नाही. मैदानाच्या कडेला उभा असलेला एक माणूस तेवढा दिसतो. मग आपण म्हणतो, याला हाकला.

आता माझी गोष्ट.

१९९७ सालचा हिवाळा. मी बीए होऊन गावात परतलो होतो. वडिलांचं किराण्याचं छोटं दुकान होतं, त्यावर बसायचो. एका दिवाळी अंकात माझ्या दोन कविता छापून आल्या होत्या आणि तो अंक दुकानाच्या गल्ल्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा मी ठेवला होता. गावात पोरांचा एक फुटबॉलचा संघ होता. आजूबाजूच्या गावांशी आणि परतवाड्याच्या पोरांशी तो सामने खेळायचा. गावातल्या मंडळाचा चिटणीस मी. आणि पोरांना शिकवायचे एक वनरक्षक. वनरक्षकाला आमच्याकडे नाकेदार म्हणतात. बदली होऊन आलेले, चाळिशीचे, कमी बोलणारे. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. एके दिवशी आपली बीट फिरून येताना पोरांचा खेळ बघत उभे राहिले आणि दुसऱ्या दिवसापासून शिट्टी घेऊन येऊ लागले. बॉलचं ब्लॅडर फुटलं, तर परतवाड्याहून स्वतःच्या पैशाने आणायचे. पाणी उतरलं, की पोरांना सिपनेच्या वाळूत अनवाणी पळवायचे. म्हणायचे, "वाळूत पळाल तर गवतात उडाल." पहिली दोन वर्षं संघ चांगला खेळला. तेव्हा आम्ही सगळे नाकेदारसाहेब, नाकेदारसाहेब करायचो.

त्या हिवाळ्यात मात्र संघ ओळीने तीन सामने हरला. पहिला चार गोलांनी, दुसरा दोन, तिसरा पाच. पाच गोलांनी हरलो तो सामना आमच्याच मैदानावर, गावासमोर. नाकेदारांनी दोन-तीन अगदी कोवळी पोरं, तेरा-चौदा वर्षांची, मोठ्यांसमोर उतरवली होती. ती पडत होती, उठत होती, रडकुंडीला येत होती. लोक कडेने ओरडत होते. नाकेदार शिट्टी हातात धरून उभे होते. एका पोराला पाणी दिलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत आत पाठवलं. एवढंच.

त्या रात्री मंडळाची बैठक बसली. कोणी म्हणालं, साहेबाचं लक्ष नाही. कोणी म्हणालं, लेकरं उतरवून गावाची नाचक्की केली. ठरलं की अर्ज करायचा. अर्ज कोणी लिहायचा? गावात बीए एक, कवी एक. मी लिहिला.

श्रोतेहो, मी पुढे बऱ्याच कविता लिहिल्या. पण माझ्या लिहिण्याला इतकी तत्काळ दाद त्याआधी कधी मिळाली नव्हती आणि नंतरही मिळाली नाही. "संघाची उत्तरोत्तर होत असलेली अधोगती पाहता" असं माझं पहिलं वाक्य होतं. मी ते मोठ्याने वाचलं तेव्हा बैठकीतली माणसं वा वा म्हणाली. खाली वीस-पंचवीस सह्या आणि अंगठे पडले. त्यांत ज्यांना अर्जाचा शब्दही कळला नाही, असेही होते. माझ्या भाषेवर विश्वास ठेवून त्यांनी अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाकेदार दुकानावर आले. बातमी पोहोचली होती. त्यांनी शिट्टी गल्ल्यावर ठेवली. हवा भरायचा पंप ठेवला, त्याची सुई एका आगपेटीत घालून दिली, हरवू नये म्हणून. आणि शंभर पानी एक वही दिली. म्हणाले, "पोट्ट्याईच्या कामी येईन." बिस्किटाचा पुडा घेतला, पैसे दिले आणि गेले. रागाचा एक शब्द नाही.

वही मी रात्री उघडली. प्रत्येक पोराला एक पान. नाव, वय, कोणता पाय चांगला, कोणता कच्चा. कोण दमतो, कोण उपाशी येतो, कोणाला रात्री दिसत नाही. आणि प्रत्येकाच्या पानाखाली तारखा. कोण आईबापांबरोबर खाली कापूस वेचायला गेला, कोण संत्र्याच्या तोडीला गेला, कोणत्या गावी, आणि कधी परतणार. सातजणांच्या पानावर एकच शेरा होता: होळीला परत. अकरापैकी सात! आमचा अर्धा संघ त्या हिवाळ्यात मैदानावर नव्हताच. तो अचलपूर-परतवाड्याकडच्या शेतांत आणि बागांत होता. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ती पोरं गावचीच. पण बैठकीत एकानेही ते म्हटलं नाही. मीही नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर होळीनंतरच्या संघाची अकरा नावं लिहिलेली होती. आठ मोठी पोरं आणि त्यांच्यात तीन ती कोवळी, ज्यांना आम्ही पडताना पाहिलं होतं. म्हणजे हिवाळ्यातले सामने हातून जाणार हे त्या माणसाने आधीच धरलं होतं. त्या हरण्यात तो पुढचे तीन खेळाडू घडवत होता. आम्ही विचारलं असतं तर त्याने सांगितलंही असतं. आम्ही विचारलं नाही. आम्ही अर्ज लिहिला.

होळी आली. आमच्या कोरकूंचा तो सगळ्यात मोठा सण. कामाला गेलेली माणसं परतली, पोरं परतली. नव्या शिकवणाऱ्याने, तो एक शहरात शिकलेला तरुण होता, ओरडायचा खूप, संघ उतरवला आणि आम्ही पहिले दोन सामने जिंकलो. गावभर एकच बोलणं: बघा, नाकेदाराला काढलं आणि फरक पडला. माझ्या अर्जाची पुन्हा वाहवा झाली. वही माझ्या गल्ल्याखाली होती. मी ती बाहेर काढली नाही. उन्हाळ्यात नाकेदारांची बदली झाली. पावसाळ्यानंतर पोरं पुन्हा कामाला गेली, संघ पुन्हा हरू लागला, आणि तो नवा तरुण कंटाळून स्वतःच निघून गेला.

बऱ्याच वर्षांनी मला कळलं, की आमच्या गावात जे झालं, ते हिशेब मांडून तपासलेलं आहे. बास तेर वेल नावाच्या नेदरलँडमधल्या अर्थशास्त्रज्ञाने त्यांच्या देशाच्या सर्वोच्च लीगमधले १९८६ ते २००४ असे अठरा हंगाम घेतले. ओळीने हरल्यावर ज्या संघांनी प्रशिक्षक काढला, त्यांचं पुढे काय झालं ते पाहिलं. ते सुधारले. पण तो तिथेच थांबला नाही. तशीच पडझड होऊनही ज्या संघांनी प्रशिक्षक ठेवला, त्यांचंही त्याने पाहिलं. तेही तसेच सुधारले. म्हणजे पाऊस यायचाच होता. बेडकाचं लग्न लावणाऱ्याला वाटतं, आपल्यामुळेच आला.

उलट, ज्याला काढलं नाही त्याची एक गोष्ट आपल्याच देशातली आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. शाळामास्तर माणूस. त्यांच्यावरचा 'मैदान' हा सिनेमा २०२४ मध्ये आला, तो काहींनी पाहिला असेल. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रहीमसाहेबांचा संघ युगोस्लाव्हियाकडून किती गोलांनी हरला? १-१०. दहा गोल! आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. आज असा निकाल लागला तर प्रशिक्षकाचं विमान उतरायच्या आधी त्याचं राजीनामापत्र टाइप झालेलं असेल. रहीमसाहेब राहिले. पोरांच्या पायांत बूट आले, खेळाची मांडणी बदलली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांचा संघ चौथा आला. मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले ते याच स्पर्धेत. आणि १९६२ चं जाकार्ता! आशियाई खेळांतला पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ ने गेला. रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासलेलं होतं. संघ तिथून उठला. थायलंड, जपान, दक्षिण व्हिएतनाम असे एकेक करत अंतिम सामन्याला पोहोचला, तर समोर पुन्हा तोच कोरिया. प्रेक्षक आपल्या विरोधात. बचावफळीतल्या जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले, म्हणून रहीमसाहेबांनी त्याला पुढे खेळवलं. त्याने गोल केला, पी. के. बॅनर्जीने केला, आणि ४ सप्टेंबर १९६२ ला आपण २-१ ने सुवर्णपदक जिंकलो. पुढच्या जूनमध्ये रहीमसाहेब गेले. दहा गोल आणि सुवर्णपदक, यांच्यामध्ये दहा वर्षं आहेत. ती दहा वर्षं कोणीतरी त्यांना दिली, हे आपण विसरतो.

आणि ज्याला जाऊ दिलं, त्याची गोष्ट तर आपल्या विदर्भाचीच. क्रिकेटची आहे, पण गोष्ट तीच. चंद्रकांत पंडित मुंबईच्या रणजी संघाचे प्रशिक्षक होते. २०१५-१६ ला मुंबई जिंकली. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात इंदूरच्या होळकर मैदानावर गुजरातकडून हरली. एक अंतिम सामना हरला आणि पंडितांचं पद गेलं. ते आपल्या विदर्भाकडे आले. तोवर विदर्भाने रणजी करंडकाचा अंतिम सामनाही कधी खेळला नव्हता. १ जानेवारी २०१८ रोजी, त्याच इंदूरच्या, त्याच होळकर मैदानावर, फैज फजलच्या विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं आणि करंडक नागपूरला आणला. अकोल्याचा आदित्य ठाकरे त्याच सामन्यात पहिल्यांदा रणजी खेळला. पुढच्या वर्षी विदर्भाने करंडक राखला. मुंबईला नकोशा झालेल्या माणसाने आपलं सोनं केलं.

म्हणजे प्रशिक्षक कधी बदलूच नये, असं मी म्हणतो का? नाही. काही वेळा बदलावाच लागतो. जो हरल्यावर पोरांची नावं घेऊन त्यांना चव्हाट्यावर आणतो, त्याला बदलावं. ज्याच्या संघातली पोरं शेवटच्या दहा मिनिटांत पळायची थांबतात, त्याला बदलावं, कारण पोरांना सगळ्यात आधी कळतं. जो मागच्या वर्षी करत होता तेच यंदाही करतो आणि विचारलं तर चिडतो, त्यालाही बदलावं. पण बदलण्यापूर्वी त्याला एकदा बोलावून समोर बसवा आणि विचारा: बाबा, कोण कोण गैरहजर आहे? तुला काय मिळालं नाही? पुढच्या होळीला काय दिसणार आहे? एवढं विचारून मग अर्ज लिहा. आमच्या घरात सब्र म्हणतात, शेजारी धीर म्हणतात. सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असा अर्थ लोक करतात. माझ्या नाकेदाराने मला दुसरा अर्थ दाखवला. तो हरत असतानाही वही लिहीत होता.

ढाक्याच्या त्या सामन्यानंतरच्या रविवारी मी ती वही घेऊन मैदानावर गेलो. अठ्ठावीस वर्षं ती माझ्याजवळ होती. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण अक्षर स्वच्छ आहे. पोरं गोळा झाली. ज्याने त्या रात्री कोचला हाकला म्हटलं होतं, त्याने पानं उलटता उलटता एक पान धरलं. म्हणाला, "चाचा, हे त माह्या बाचं नाव व्हय."

खरंच होतं. मी वाचून दाखवलं: वय चौदा. डावा पाय फार चांगला. घाबरतो, पण पळून जात नाही. सकाळी उपाशी येतो, त्याला आधी पळवू नये.

पोरगा बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "होळीनंतर खेळला का माहा बा?"

"खेळला. दोन्ही सामने खेळला. एक गोल त्याचाच."

"मंग नाकेदारसाहेब खूश झाले असतीन."

"ते नव्हते रे तेव्हा. त्यांना काढलं होतं."

"काहून?"

मी त्याला सांगितलं, की अर्ज माझ्या हातचा होता.